इटलीच्या पंतप्रधानाने किआंती वाईनचा फॉर्म्युला सांगितला, पण पुढच्यांनी त्यातली मेन अटच गाळून टाकली

आठ-दहा जणांचा ग्रुप इटालियन रेड वाईनच्या टेस्टिंगला जमला की टेबलावर एक नाव हमखास असतं, ते म्हणजे किआंती. आणि या नावावरून वाद पण हमखास होतो. एकाला ती पातळ, आंबट आणि उगाच नाव झालेली वाईन वाटते. दुसरा सांगतो की त्याने चाखलेली किआंती एकदम दमदार होती, दहा वर्षं जुनी असूनही टिकून होती.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

आता एकाच नावाच्या दोन बाटल्यांमध्ये एवढा फरक कसा काय? याचं उत्तर शोधायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं, एका माणसाकडे. हा माणूस काही वाईनचा व्यापारी नव्हता. तो होता इटलीचा दुसरा पंतप्रधान.

नाव बेत्तीनो रिकासोली. लोकांनी ठेवलेलं नाव, आयर्न बॅरन.

इटलीचं एकीकरण म्हटलं की आपल्याला मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावं आठवतात. शाळेच्या इतिहासात ती असतात, शिवाय सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणल्यामुळे महाराष्ट्राला ती जुनीच ओळखीची. रिकासोलीचं नाव मात्र आपल्याकडे फारसं आलं नाही. पण आज जगभरात त्याच्या नावाची बाटली उघडली जाते.

तर गोष्ट सुरू होते कर्जापासून.

अठराव्या वर्षी डोक्यावर वाडा, भाऊ आणि कर्ज

बेत्तीनोचा जन्म ९ मार्च १८०९ चा, फ्लॉरेन्स शहरातला. घराणं एकदम जुनं. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्ये किआंती नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथला ब्रोलिओ नावाचा किल्ला या घराण्याकडे ११४१ पासून होता. ही दोन शहरं शेकडो वर्षं एकमेकांशी लढत होती आणि ब्रोलिओ बरोबर सीमेवर होता. त्यामुळे किल्ल्याने वेढे, तोफा, जाळपोळ असं सगळं बघितलेलं.

पण नाव मोठं असलं तरी तिजोरी रिकामी होती. बेत्तीनो लहान असतानाच आधी वडील आणि मग आई गेली. मागे राहिले धाकटे भाऊ आणि कर्जात बुडालेली इस्टेट. तेव्हा टस्कनी हा वेगळा देश होता आणि तिथे ग्रँड ड्यूकचं राज्य होतं. बेत्तीनो कायद्याने अजून सज्ञान झाला नव्हता. शेवटी ग्रँड ड्यूकने खास हुकूम काढून त्याला सज्ञान ठरवलं, म्हणजे तो भावांचा पालक होऊ शकेल आणि इस्टेटीचे व्यवहार बघू शकेल.

ज्या वयात पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर बसतात, त्या वयात हा सावकारांचे हिशेब बघत होता. पुढे आयुष्यभर त्याच्या स्वभावात जो कडकपणा दिसतो, त्याची सुरुवात इथेच झाली असं म्हणता येतं.

१८३० मध्ये त्याचं लग्न झालं आन्ना बोनाकोर्सी हिच्याशी. या लग्नाचा एक किस्सा टस्कनीत आजही सांगितला जातो. फ्लॉरेन्समध्ये नाचाचा कार्यक्रम होता. आन्ना एका तरुणासोबत नाचली आणि बेत्तीनोला ते खटकलं. त्याने तिला बाहेर नेलं, गाडीत बसवलं आणि गाडीवानाला थेट ब्रोलिओची वाट धरायला लावली. थंडीची रात्र, अंगावर नाचाचाच झगा आणि समोर डोंगरातला ओसाड किल्ला. किस्सा सांगणारे म्हणतात की मग या जोडप्याचं बिऱ्हाड तिथेच पडलं.

आता हा किस्सा कितपत खरा आणि किती मीठमसाला, हे सोडून द्या. पण शहर सोडून किल्ल्यावर राहायला जाण्यामागे एक अगदी साधं कारण होतं. कर्ज फेडायचं असेल तर जमीन पिकवायला हवी, आणि जमीन पिकवायची असेल तर मालक जमिनीवर पाहिजे.

अर्धा वाटा मालकाचा, अर्धा कुळाचा

ब्रोलिओची शेती तेव्हा कशी चालायची हे समजून घेतलं तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

टस्कनीत मेत्झाद्रिया नावाची पद्धत होती. आपल्याकडच्या बटाईसारखीच. जमीन मालकाची, राबणार कुळाचं कुटुंब आणि पीक निम्मं निम्मं. एकाच तुकड्यात सगळं लावलेलं असायचं. ऑलिव्हची झाडं, मध्ये गहू आणि कडेच्या झाडांवर चढवलेले द्राक्षाचे वेल. वेलही एका जातीचे नसायचे. काळी द्राक्षं, पांढरी द्राक्षं, जे बापजाद्यांनी लावलं ते. तोडणी झाली की सगळी एकत्र करून वाईन व्हायची.

कुळाच्या बाजूने विचार केला तर त्यात चूक काहीच नव्हतं. निम्मं पीक मालकाला जाणार म्हटल्यावर उरलेल्या निम्म्यात घर चालवायचं, म्हणून माल जास्त निघाला पाहिजे. कमी पण चांगली द्राक्षं घ्या, हे सांगणं मालकाला परवडतं. पोटाची चिंता असलेल्याला नाही.

रिकासोली इथे आला आणि त्याने सगळ्याचीच घडी बसवायला घेतली. कधी काय पेरायचं, कधी तोडायचं, हिशेब कसे ठेवायचे याचे नियम केले. शेतीवर प्रयोग करून त्यांच्या नोंदी ठेवल्या. फ्लॉरेन्सच्या जॉर्जोफिली अकादमीत शेतीवर अभ्यास करणारी मंडळी जमायची, त्यात तोही होता. रविवारी तो स्वतः कुळांना एकत्र बसवून धर्माचे आणि नीतीचे धडे द्यायचा. माणूस सुधारला तरच शेती सुधारेल, अशी त्याची पक्की समजूत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रिकासोली दयाळू मालक म्हणून नाही, तर कडक मालक म्हणून ओळखला जायचा. त्याचे प्रयोग यशस्वी झाले ते त्या कुळांच्या कष्टावर, आणि त्या कुळांची नावं बाटलीवर कधी आली नाहीत. चरित्र लिहिताना एका माणसाचं नाव मोठं होतं, पण द्राक्षं काही एकट्या बॅरनने तोडली नव्हती.

एकेक जात वेगळी चाखली

आता येतो मुख्य मुद्दा.

रिकासोलीला प्रश्न पडला होता की किआंतीची वाईन एखाद्या वर्षी चांगली होते आणि एखाद्या वर्षी बिघडते, बाहेर पाठवली की टिकत नाही, मग फ्रेंच वाईनच जगभर कशी काय विकली जाते? तो फ्रान्समधल्या द्राक्षांच्या भागांत जाऊन आला. तिथल्या जाती आणून ब्रोलिओत लावून बघितल्या. आणि शेवटी तो पुन्हा स्थानिक जातींकडे वळला.

पण वळताना त्याने एक काम केलं जे आज कुठल्याही वाईन टेस्टिंगमध्ये करतात. सगळं एकत्र चाखण्याऐवजी तुलना. कोणती जात वाईनमध्ये नेमकं काय आणते, हे त्याने वर्षानुवर्षं तपासलं. हे काम एका हंगामात होत नाही, कारण वाईन वर्षातून एकदाच बनते आणि ती टिकते की नाही हे कळायला पुढची काही वर्षं थांबावं लागतं. चूक झाली तर पुढचा प्रयोग थेट पुढच्या तोडणीला.

आणि हे सगळं चालू असताना मधेच देश घडत होता.

वाईन बाजूला ठेवून पंतप्रधान झाला

१८४७ मध्ये रिकासोलीने मित्रांसोबत ला पात्रिया नावाचं वर्तमानपत्र काढलं. पात्रिया म्हणजे मायभूमी. त्यानंतर तो फ्लॉरेन्सचा नगरप्रमुख झाला. १८४८ मध्ये युरोपभर उठाव झाले, टस्कनीतही ग्रँड ड्यूकला पळावं लागलं. पण १८४९ मध्ये ड्यूक ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या जोरावर परत आला. परक्या सैन्याच्या खांद्यावर बसून आलेला राजा रिकासोलीला मान्य नव्हता. तो राजकारणातून बाजूला झाला आणि शेतीत घुसला. याच काळात, १८५२ मध्ये, आन्नाचं निधन झालं.

२७ एप्रिल १८५९ ला फ्लॉरेन्समध्ये लोक रस्त्यावर आले आणि ग्रँड ड्यूकला गाव सोडावं लागलं, ते कायमचंच. टस्कनीच्या हंगामी सरकारची सूत्रं रिकासोलीकडे आली. थोड्याच दिवसांत फ्रान्स आणि ऑस्ट्रियाने आपसात तह करून जुन्या ड्यूकला परत बसवायचं ठरवलं. भलेभले वाकले असते. पण हा माणूस अडून बसला. टस्कनी स्वतंत्र इटलीतच जाणार, दुसरं काही होणार नाही, यावर तो ठाम राहिला. मार्च १८६० मध्ये लोकमत घेतलं. साडेतीन लाखांहून जास्त मतं एकीकरणाच्या बाजूने पडली आणि विरोधात १५ हजारांच्याही आत. आयर्न बॅरन हे नाव त्याला शोभून दिसतं ते याच अडून बसण्यामुळे.

१८६१ मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. काव्हूर पहिला पंतप्रधान झाला, पण ६ जून १८६१ ला त्याचं निधन झालं. मग १२ जूनला पंतप्रधान झाला बेत्तीनो रिकासोली.

इथे वाईनवाल्यांसाठी एक भारी योगायोग आहे. काव्हूर हा पीडमाँटचा. तरुणपणी तो ग्रिंझाने नावाच्या गावाचा महापौर होता आणि तिथली घरची द्राक्षशेती बघायचा. हे गाव आज बारोलो वाईनच्या पट्ट्यात येतं. म्हणजे इटलीच्या पहिल्या पंतप्रधानाचं नाव बारोलोच्या इतिहासात आहे आणि दुसऱ्याचं किआंतीच्या. इटालियन रेडची तुलना करताना आज याच दोन बाटल्या समोरासमोर ठेवल्या जातात.

रिकासोलीची खुर्ची फार टिकली नाही. राजाशी आणि दरबारी राजकारणाशी त्याचं जमेना. मार्च १८६२ मध्ये तो पायउतार झाला. जून १८६६ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाशी युद्ध झालं आणि व्हेनिसचा भाग इटलीत आला. एप्रिल १८६७ मध्ये त्याने पुन्हा पद सोडलं आणि तो ब्रोलिओला परतला.

१८७२ चं पत्र

पिसा विद्यापीठात चेझारे स्तुदियाती नावाचे प्राध्यापक होते. रिकासोलीचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. सप्टेंबर १८७२ मध्ये त्याने त्यांना एक पत्र लिहिलं. तोपर्यंत प्रयोगांना तीस वर्षांहून जास्त काळ झाला होता, आणि त्या सगळ्याचा निचोड या पत्रात होता.

पत्राचा सारांश असा. वाईनला सुगंध आणि जोम मिळतो तो सांजोवेसे या काळ्या द्राक्षातून. तो तिला सांजोवेतो म्हणायचा. कानायोलो ही दुसरी काळी जात तिच्यात गोडवा आणते आणि सांजोवेसेचा कडकपणा उतरवते, पण सुगंधाला धक्का लावत नाही. तिसरी माल्वाझिया, ही पांढरी जात. ती वाईन हलकी करते, रोजच्या जेवणाबरोबर लगेच प्यायला सोयीची करते.

आणि इथेच ती अट आहे. जी वाईन वर्षानुवर्षं मुरवायची आहे, तिच्यात माल्वाझिया टाळलेली बरी, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हणजे रिकासोलीने एक नाही, दोन किआंती सांगितल्या. एक लवकर प्यायची, हलकी, पांढऱ्या द्राक्षाचा हात लागलेली. दुसरी मुरवायची, फक्त काळ्या द्राक्षांची. आज सत्तर टक्के सांजोवेसे, वीस टक्के कानायोलो आणि दहा टक्के माल्वाझिया असा आकडा त्याच्या नावावर सर्रास फिरतो. पण पत्राचं खरं महत्त्व आकड्यांत नव्हतं. कोणतं द्राक्ष कशासाठी आणि कोणत्या वाईनमध्ये, हे त्यात होतं.

२३ ऑक्टोबर १८८० ला ब्रोलिओच्या किल्ल्यातच त्याचं निधन झालं. वय ७१. आपल्या पत्राचं पुढे काय होणार आहे, हे त्याला बघावं लागलं नाही.

फॉर्म्युला राहिला, अट गेली

झालं असं की किआंती हे नाव विकायला लागलं. गवताचं वेष्टण घातलेली गोलमटोल बाटली जगभर पोहोचली. नाव विकतंय म्हटल्यावर आजूबाजूचे सगळेच आपल्या वाईनला किआंती म्हणू लागले. खरं तर या भागाची हद्द १७१६ मध्येच ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने जाहीरनामा काढून आखून दिली होती. पण १९३२ मध्ये सरकारने किआंतीचा पट्टा कितीतरी पटीने वाढवला. मूळ डोंगराळ भागाला वेगळं दिसायला क्लासिको ही शेपटी मिळाली.

मग १९६७ मध्ये किआंतीसाठी कायद्याने नियम ठरले. त्यात असं होतं की वाईनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं असलीच पाहिजेत.

लक्षात घ्या, रिकासोलीने पांढरं द्राक्ष एका प्रकारच्या वाईनसाठी सांगितलं होतं. कायद्याने ते सगळ्यांसाठी सक्तीचं केलं. त्यातही माल्वाझियाच पाहिजे असं नव्हतं, त्रेब्बियानो नावाची पांढरी जात चालत होती. ही जात चवीला साधी, पण माल भरपूर देणारी. कायदा करणाऱ्यांकडे कारण होतंच. शेतांत पांढरे वेल आधीपासून उभे होते आणि त्या द्राक्षांचं करायचं काय, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या पोटाचा होता.

त्याच सुमारास गावंही बदलत होती. १९६४ च्या कायद्याने मेत्झाद्रियाचे नवे करार बंद झाले. कुळं शेती सोडून शहरातल्या कारखान्यांकडे निघाली. नव्या बागा लावताना जास्त उत्पन्न देणारे वेल निवडले गेले. परिणाम काय? किआंती पातळ झाली. आपल्या ग्रुपमधला पहिला माणूस ज्या वाईनला नावं ठेवतो, ती साधारण या वळणाची.

मग काही उत्पादकांनी बंड केलं. अंतीनोरी घराण्याने तिन्यानेल्लो नावाची वाईन १९७१ च्या हंगामापासून बाजारात आणली आणि पुढे तिच्यातून पांढरी द्राक्षं पूर्ण काढून टाकली. सर्जो मानेत्ती यांनी १९७७ मध्ये रादा गावाजवळ ले पेर्गोले तोर्ते बनवली, निव्वळ सांजोवेसेची. किआंतीच्या भागात, किआंतीच्या मुख्य द्राक्षापासून बनलेली वाईन, पण कायद्याने तिला किआंती म्हणता येईना. कारण काय, तर तिच्यात पांढरं द्राक्ष नव्हतं. लेबलवर लिहावं लागलं विनो दा ताव्होला, म्हणजे साधी टेबल वाईन. सगळ्यात खालचा दर्जा. आणि लोक तीच जास्त पैसे मोजून घेऊ लागले. अशा वाईन्सना पुढे सुपर टस्कन हे नाव पडलं.

यातली विसंगती बघा. मुरवायच्या वाईनमध्ये पांढरं द्राक्ष नको, हे रिकासोलीने १८७२ मध्येच लिहिलेलं. आणि शंभर वर्षांनी तेच करणारे लोक नियम मोडणारे ठरले. सुपर टस्कनमध्ये फ्रेंच जाती घालणारेही होते आणि ते रिकासोलीच्या वाटेने गेले असं म्हणता येणार नाही. पण पांढऱ्या द्राक्षाच्या मुद्द्यावर कायद्यापेक्षा बंडखोर त्याच्या जास्त जवळ होते.

कायद्याला मागे यायला वेळ लागला. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षाची सक्ती २ ते ५ टक्क्यांवर आली. १९९६ मध्ये किआंती क्लासिकोला स्वतःचे वेगळे नियम मिळाले आणि शंभर टक्के सांजोवेसे चालू लागली. आणि २००६ च्या हंगामापासून किआंती क्लासिकोमध्ये पांढरी द्राक्षं घालायलाच बंदी आली. म्हणजे आधी सक्ती, मग बंदी. रिकासोली मधल्या जागेवर उभा होता. कशासाठी बनवताय ते आधी ठरवा आणि मग मिसळा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मग ग्रुपमध्ये तुलना कशी करायची?

हा सगळा इतिहास चार ग्लासांत चाखता येतो. करायचं फार अवघड नाही.

पहिली बाटली साध्या किआंतीची. हिच्यात आजही कमीत कमी ७० टक्के सांजोवेसे लागते आणि १० टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षं चालतात. दुसरी किआंती क्लासिको. हिच्यात कमीत कमी ८० टक्के सांजोवेसे आणि बाकी फक्त काळी द्राक्षं. बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं, ते बघून घ्यायचं. तिसरी क्लासिको रिझेर्व्हा, म्हणजे विक्रीआधी किमान २४ महिने मुरवलेली. आणि चौथी काव्हूरच्या बाजूची बारोलो. ही निव्वळ नेब्बिओलो या द्राक्षाची, किमान ३८ महिने मुरवलेली.

क्रम हाच ठेवायचा, हलक्याकडून भारीकडे. आधी बारोलो घेतली तर नंतरची साधी किआंती पाण्यासारखी लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल. प्रत्येकाला एका बाटलीतली ४०-५० मिली पुरते. टेस्टिंगमध्ये वाईन चाखून थुंकून टाकणं हे अजिबात वाईट दिसत नाही, जाणकार तसंच करतात. आणि घरी जाताना गाडी दुसऱ्याने चालवायची, यात चर्चा नको.

बाटल्या कागदात गुंडाळून नंबर टाकले तर उत्तमच. किंमत दिसली की जीभ खोटं बोलायला लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं मत कागदावर लिहायचं. नाहीतर ग्रुपमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस म्हणतो चेरीचा वास येतोय, आणि पुढच्या मिनिटाला सगळ्यांना चेरीच येते.

बघायचं काय? पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघा. नेब्बिओलोची वाईन दिसायला फिकी असते, कडेला विटकरी झाक मारते, पण तोंडात गेली की चांगलाच दणका देते. त्यामुळे रंग गडद म्हणजे वाईन भारी, हा समज तिथेच मोडतो. मग तोंडाला पाणी सुटतं का ते बघा, ती आंबटपणाची खूण. सांजोवेसेत तो भरपूर असतो, म्हणूनच ती टोमॅटोच्या जेवणाबरोबर चालते. मग तुरटपणा. जांभूळ किंवा आवळा खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तोच. त्यालाच टॅनिन म्हणतात. साध्या किआंतीत तो कमी लागेल आणि बारोलोत सगळ्यात जास्त.

आणि मग प्रश्न विचारताना कोणती भारी असं विचारू नका. रिकासोलीसारखं विचारा. यातली आज जेवणासोबत संपवावी अशी कोणती? आणि पाच-दहा वर्षं ठेवावी अशी कोणती? प्रश्न असा बदलला की सुरुवातीचा वाद बऱ्यापैकी मिटतो. हलकी किआंती बिघडलेली नसते, ती वेगळ्या कामाची असते. अडचण तेव्हा होते जेव्हा एकाच कामाची वाईन सगळ्या नावावर लादली जाते.

आता या सांजोवेसेचं एक टोक आपल्या महाराष्ट्रातही आहे बरं का. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या कंपनीच्या बागा आहेत आणि तिथे सांजोवेसे लावलेली आहे. त्यांची सेत्ते नावाची रेड वाईन सांजोवेसे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दोन जाती मिसळून बनते. टस्कनीच्या डोंगरात थंडी पडते आणि अकलूजला ऊन मरणाचं, त्यामुळे चव वेगळी येणारच. पाचवा ग्लास म्हणून तिला टेबलावर घेतलं तर एकच द्राक्ष दोन मातींत काय बोलतं, ते कळतं.

ब्रोलिओचा किल्ला आजही रिकासोली घराण्याकडे आहे आणि तिथे आजही वाईन बनते. गावातले लोक सांगतात की बॅरनचं भूत रात्री घोड्यावर बसून द्राक्षबागांतून फेरी मारतं. भुताचं माहीत नाही, पण एवढा कडक मालक होता म्हटल्यावर फेरी मारायची राहिला असेल असं वाटत नाही. आणि मारत असेलच, तर त्याच्या पत्रातली एक ओळ गाळून तब्बल शंभर वर्षं भलतीच वाईन कोणी बनवली, याचीच चौकशी करत असेल.